अपाय तर नाही ना!

“उपाय नाही झाला तरी अपाय तर नाही ना!” हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो आणि किती वेळा बोलतो, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. एस. टी.च्या बाकावर शेजारी बसलेली अनोळखी बाई मूळव्याधीवरचा पाला सांगते, वसतिगृहातल्या मैत्रिणीची आई केस गळू नयेत म्हणून काढा पाठवते, मोबाईलवर रोज सकाळी कुणीतरी ‘पित्तावर रामबाण’ पाठवतो. या सगळ्यांच्या शेवटी हेच वाक्य असते. ऐकायला ते किती समंजस वाटते! यात नुकसान नाही, खर्च नाही आणि डॉक्टरांकडे खेपा घालणेही नाही. मीही हे वाक्य पुष्कळदा बोलले आहे. एकदा ते बोलले आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तालुक्याच्या रुग्णालयातल्या बाकावर बसून त्याचा अर्थ लावत राहिले. तेव्हापासून या वाक्याशी माझे भांडण आहे. आज वार्षिकाच्या संपादकांनी चार पाने दिली आहेत, तर ते भांडण आपल्यासमोर मांडते.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय चौऱ्याहत्तर. तिच्याकडे खराखुरा बटवा नसला तरी दुधाच्या पावडरचा एक जुना डबा आहे. त्यात हिरडा, बाळहिरडा, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, ज्येष्ठमध अशा पुड्या असतात. गल्लीतले प्रत्येक तान्हे मूल त्या डब्याच्या ओळखीचे. गेली काही वर्षे तिचे गुडघे धरले आहेत. रक्तदाबाची गोळी आहेच, तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे. गुडघ्यांसाठी ती दुकानातून एक पांढरी गोळी आणवते आणि उपाशीपोटी चहाबरोबर घेते. दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा ती रात्री उठून बसत होती. काळजाखाली जळते म्हणायची, काही खाल्ले की जरा थांबते, पुन्हा सुरू होते. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध सुचवला आणि म्हटले, उपाय नाही झाला तरी अपाय तर नाही ना! मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो चूर्ण घेऊन आले. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे, कोमट दुधातून. चमचे भरून, सपाट नव्हे. माया चमच्याने मोजायची नसते, अशी आमच्या घरची रीत!

तीन आठवड्यांनी आजीचा फोन आला, “पोरी, तुझ्या पुडीनं गुण आला बघ.” खरोखरच गुण आला होता. रात्रीचे उठणे थांबले होते. मला कोण आनंद झाला! पुडी संपली तशी वडिलांनी दुसरी आणली. संक्रांतीच्या सुमारास तिचे पाय सुजले, चपलेचा पट्टा लागेना. डोके जड राहू लागले. थंडीचे दिवस, वय झालेले, असे म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही. मग एका सकाळी ती चुलीपुढच्या पाटावरून उठेचना. पायांत बळच नव्हते. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब भलताच वाढलेला, रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेले आणि हृदयाचे ठोके अनियमित. डॉक्टरांनी चालू औषधे विचारली. वडिलांनी रक्तदाबाची गोळी सांगितली, गुडघ्यांची सांगितली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा पलंगाशी आले आणि त्यांनी थेट आजीलाच विचारले, “आजी, आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, मुळी?”

आजी म्हणाली, “ते व्हय? ते काय औषध न्हाई. ते ज्येष्ठमध हाय.”

ज्येष्ठमध बंद झाला, पोटॅशियम दिले गेले, आणि सूज उतरून पायांत बळ यायला दोन-अडीच आठवडे लागले. दुर्बिणीतून पोट तपासले तेव्हा जठरात व्रण दिसला. तो गुडघ्यांच्या गोळीचा प्रताप होता. पण डॉक्टर म्हणाले की व्रण भरत आला आहे. म्हणजे ज्येष्ठमधाने आपले काम केले होते. उपायही झाला होता आणि अपायही झाला होता, आणि दोन्ही एकाच पुडीतून. काकूंच्या त्या वाक्यात या शक्यतेला जागाच नाही, आणि माझे भांडण आहे ते नेमके यावर.

मी मराठीची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध उरला नाही. पण या प्रसंगानंतर स्वस्थ बसवेना. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मामेभावाच्या मागे लागून जुने लेख मिळवले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, न समजलेले त्याला विचारले. त्यातून जे कळले ते कादंबरीहून कमी रंजक नव्हते.

आपले जठर दिवसाला सुमारे दीड-दोन लिटर रस तयार करते. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की मांसाचा तुकडा त्यात विरघळू लागतो. मग जठर हेही मांसच, ते स्वतःलाच का पचवत नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, आणि त्या थरात आम्ल मारणारा क्षार पाझरत असतो. थराच्या वर जळजळीत आम्ल आणि एक मिलिमीटरहून कमी अंतरावर, पेशींपाशी, जवळजवळ साधे पाणी! शिवाय अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि नव्या येतात. सारवलेली जमीन झिजते आणि पुन्हा सारवली जाते, तसे हे अखंड चाललेले असते. हे सारवण चालू ठेवण्याचा निरोप देणारी द्रव्ये म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. वेदनाशामक गोळ्या दुखणे थांबवतात त्या याच द्रव्यांची निर्मिती रोखून. हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गुडघा शांत होतो, पण पोटातले सारवणही थांबते. गंमत अशी की या गोळ्यांची मूळ आई ॲस्पिरिन. तिचा वंश विलोच्या सालीपर्यंत पोचतो, आणि विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. पोट जाळणारीही वनस्पतीच्या घरची आणि सावरणारीही!

आता ज्येष्ठमधाची हकीकत. संस्कृतात यष्टिमधु. चरकापासून त्याचा उल्लेख आहे, तसाच तो प्राचीन ग्रीकांकडेही होता. (आपण त्याला ‘देशी’ म्हणतो खरे, पण बाजारातल्या मुळ्या बव्हंशी इराण-अफगाणिस्तानकडून येतात. तो आपल्या परसात उगवत नाही.) पोटाच्या व्रणावर त्याची आधुनिक कथा सुरू होते ती नेदरलँड्समध्ये. रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की गावातला एक औषधविक्रेता ज्येष्ठमधाच्या अर्काचे एक घट्ट औषध देतो आणि व्रणाचे रोगी त्याने बरे होतात. रेव्हर्स यांनी नाक मुरडले नाही. त्यांनी स्वतःच्या रोग्यांना ते औषध दिले, काय होते ते पाहिले आणि १९४६ साली लिहून प्रसिद्ध केले. गुण येतो, हे त्यांनी लिहिले. आणि पाचांतल्या सुमारे एकाच्या अंगावर सूज येते, हेही लिहिले.

ही दुसरी ओळ लिहिणारा माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे औषध सांगणारे हजार, पण ‘पाचांतल्या एकाला सूज आली’ असे सांगणारा कोण भेटतो? रेव्हर्स यांच्या त्या ओळीमुळेच पुढचे संशोधन घडले. १९५० साली त्यांच्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवले की ज्येष्ठमधाने शरीरात मीठ आणि पाणी साठते आणि पोटॅशियम निघून जाते. का, हे मात्र १९८७ साली एडिंबराच्या संशोधकांनी उलगडले. आपल्या मूत्रपिंडात एक विकर द्वारपाळासारखे उभे असते. शरीरातल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाला ते निष्प्रभ करून आत सोडते, म्हणून मीठ राखण्याचा हुकूम फक्त अल्डोस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकाकडूनच येतो. ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे असते, त्यापासून शरीरात बनणारे द्रव्य या द्वारपाळाला झोपवते. मग कॉर्टिसोल बेधडक आत शिरून खोटे हुकूम सोडू लागते. मीठ राखले जाते, पोटॅशियम फेकले जाते, रक्तदाब चढतो. आजीच्या रक्तदाबाच्या गोळीतले लघवी वाढवणारे औषधही पोटॅशियम घालवणारेच. दोन्ही बाजूंनी तिची गळती चालू होती आणि आम्ही तिला म्हणत होतो, “थंडीमुळे होतं असं.”

आणि पोट सावरणारे द्रव्य कोणते? तेच! ग्लिसिरायझिनपासून बनणारा हाच पदार्थ प्रोस्टाग्लँडिन मोडून टाकणाऱ्या विकरालाही आवरतो, म्हणजे सारवणाचा निरोप अधिक काळ टिकतो. लंडनमध्ये याच पदार्थापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचे औषध तयार झाले. १९६२ साली त्याची रीतसर चाचणी झाली आणि आम्ल कमी न करता, केवळ अस्तर सावरून जठरातले व्रण भरता येतात, हे दिसले. ग्रहणीतल्या, म्हणजे लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणांवर मात्र त्याचा उपयोग झाला नाही. ब्रिटनमध्ये हे औषध कित्येक वर्षे वापरात होते, आणि त्याने सूज, रक्तदाब आणि पोटॅशियमची घटही आणली.

तेव्हा साहजिकच काहींना वाटले की अपाय करणारे ग्लिसिरायझिनच काढून टाकावे, म्हणजे निव्वळ उपाय उरेल. तसा ‘शुद्ध केलेला’ ज्येष्ठमध बाजारात आलाही. सुरुवातीच्या काही चाचण्यांनी आशा दाखवली. पण पुढे १९७८ साली ब्रिटनमध्ये जठराच्या व्रणावर त्याची काटेकोर चाचणी झाली तेव्हा तो नकली गोळीहून सरस ठरला नाही. अपाय काढायला गेले आणि बराचसा उपायही हातून गेला. ‘अपाय तर नाही ना’ म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीवर रात्रभर विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. जे द्रव्य शरीरात काही घडवते, ते नको तेही घडवू शकते. ज्याने कधीच कुणाला काही होत नाही, त्याने पोटाला तरी काय होणार?

याच संदर्भात कोबीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गार्नेट चेनी यांनी व्रणाच्या तेरा रोग्यांना रोज सुमारे लिटरभर कच्च्या कोबीचा रस पाजला आणि व्रण फार लवकर भरल्याचे जाहीर केले. त्यातल्या द्रव्याला त्यांनी ‘जीवनसत्त्व यू’ असे नाव दिले. ते जीवनसत्त्व नव्हे, हे पुढे ठरले, पण नाव राहिले आणि जपानमध्ये त्या द्रव्याच्या गोळ्याही निघाल्या. चेनी यांनी तुलना केली होती ती इतरांनी पूर्वी लिहिलेल्या आकड्यांशी. रस न घेणारे रोगी त्यांनी शेजारी ठेवले नव्हते. आता पहा. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून जगप्रसिद्ध झालेले रिचर्ड डॉल यांनी १९५४ साली कोबीच्या रसाची चाचणी घेतली, निम्म्यांना रस, निम्म्यांना नाही, अशा पद्धतीने. रसाचा काही विशेष गुण दिसला नाही. आणि १९६२ साली ज्येष्ठमधापासून बनलेल्या कार्बेनॉक्सोलोनला उत्तीर्ण करणारेही हेच डॉल! कोबी आणि ज्येष्ठमध दोन्ही वनस्पती, दोन्ही ‘नैसर्गिक’, दोन्हींच्या मागे अनुभवी माणसांची ग्वाही. तराजू एकच, पण एक पारडे वर गेले आणि एक खाली आले. तराजूत घालण्यापूर्वी कुणालाही हे सांगता आले नसते, मला नाही, काकूंना नाही आणि डॉल यांनाही नाही.

आणखी दोन-तीन नावे घाईने सांगते. बनारस हिंदू विश्वविद्यालयात सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात उंदरांना केळे देऊन व्रण टळतात का, हे पाहिले. १९८४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात कच्च्या केळ्याच्या या गुणाविषयी लेख आला आणि १९९९ साली त्यातले ल्युकोसायनिडिन हे द्रव्य वेगळे करून दाखवले गेले. हा गुण कच्च्या केळ्याचा. पिकल्यावर तो उरत नाही. तेव्हा जळगावच्या मित्रांनी लगेच छाती फुगवू नये! मैसूरला अनेक वर्षे शल्यचिकित्सक असलेले फ्रँक टोव्ही यांना भारताच्या भातखाऊ भागात व्रण अधिक आणि गहूखाऊ भागात कमी आढळले. अन्नातच काही संरक्षक द्रव्य असले पाहिजे, या विचाराने ते आणि त्यांचे सहकारी शोध घेत कुळथापर्यंत पोचले. कुळथातल्या स्निग्ध द्रव्यांनी उंदरांच्या जठराचे रक्षण झाले. कुळथाचे पिठले आणि हुलग्याचे माडगे यांच्याकडे मी आता जरा आदराने पाहते. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही विसरत नाही.

मिरचीची गोष्ट मात्र मजेची आहे. ‘तिखट खाऊन अल्सर झाला’ हे आपण सिद्धांतासारखे बोलतो. सिंगापूरमध्ये १९९५ साली चिनी वंशाच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. व्रणाचे रोगी महिन्याला साधारण ३१२ ग्रॅम मिरची खाणारे निघाले, तर व्रण नसलेले ८३४ ग्रॅम! त्याच वर्षी तिथल्याच डॉक्टरांनी अठरा निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. एकदा वीस ग्रॅम मिरचीपूड पाण्यातून आणि एकदा नुसते पाणी दिले, आणि अर्ध्या तासाने ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. सहा तासांनी दुर्बिणीतून पाहिले, तर मिरचीनंतर जठराच्या इजेचे गुण मध्यमानाने दीड आणि नुसत्या पाण्यानंतर चार. मिरचीतले कॅप्सेसिन जठरातल्या संवेदी तंतूंना चेतवते आणि अस्तराचा रक्तपुरवठा वाढतो, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. म्हणून उद्यापासून व्रणाच्या रोग्यांना ठेचा पाजावा काय? मुळीच नाही. निरोगी पोटावरचा प्रयोग दुखऱ्या पोटाला लागू करणे ही पुन्हा तीच चूक होईल. आणि वीस ग्रॅम पूड एका वेळी म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या खानावळीतसुद्धा जरा जास्तच! मला एवढेच म्हणायचे आहे की जिला आपण शत्रू ठरवले तिच्यात रक्षणाचा गुण निघाला आणि ज्याला मित्र ठरवले त्याने आजीला रुग्णालयात नेले. आपल्या समजुतींचा भरवसा किती धरायचा?

हे वाचून काही गुरुजन म्हणतील की ही मुलगी आयुर्वेदावर उठली आहे. तसे अजिबात नाही. माधवनिदानात अन्न पचताना उठणाऱ्या ‘परिणामशूला’चे वर्णन आहे. पोटदुखी जेवणाआधी, जेवताना की पचताना, हे विचारणारे ते शास्त्र आहे. मात्रा, अनुपान, काळ, रोग्याची प्रकृती यांचा विचार केल्याशिवाय खरा वैद्य पुडी बांधत नाही. योग्य युक्तीने विषाचेही औषध होते आणि युक्ती चुकली तर औषधाचे विष होते, हे तर चरकाच्याच परंपरेत सांगितले आहे. त्या परंपरेतला वैद्य आम्ही काढून टाकला, त्याचे प्रश्न काढून टाकले आणि चूर्ण तेवढे ठेवले. मग त्याला नाव दिले ‘आपले प्राचीन ज्ञान’! दुकानदाराने मला पाव किलो चूर्ण बांधून देताना एकच प्रश्न विचारला, “पिशवी आहे का?” त्याचा दोष नाही. मी मागितले, त्याने दिले. पण त्या व्यवहारात चरक कुठे होता?

दुसऱ्या बाजूचे मित्रही आहेत. विज्ञान शाखेतला एक जण हा लेख लिहिते आहे कळल्यावर हसून म्हणाला, “झाडपाल्यावर काय लिहायचं?” त्याला मी रेव्हर्स सांगितला. औषधविक्रेत्याच्या बरणीला रेव्हर्स हसले असते तर कार्बेनॉक्सोलोन झाले नसते आणि द्वारपाळ विकराचा शोधही कदाचित लांबला असता. झाडपाल्याला हसणारा आणि झाडपाल्याला नमस्कार करणारा, दोघेही तो तपासण्याच्या कष्टातून सुटका करून घेतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या सगळ्या रंजक हकीकतीवर पाणी ओतणारी आहे. कार्बेनॉक्सोलोनचे राज्य १९७६ साली सिमेटिडिन हे आम्ल रोखणारे औषध आल्यावर ओसरू लागले. आणि १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला एक नागमोडी जंतू प्रयोगशाळेत वाढवला, तेव्हा तर साऱ्या चर्चेचा पायाच बदलला. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला आणि त्यांच्या जठराला दाह झाला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांनी होणारे सोडले, तर बहुतेक व्रण या हेलिकोबॅक्टर पायलोरीचे असतात. तो प्रतिजैविकांनी जातो आणि गेला की व्रण सहसा परत येत नाही. ज्येष्ठमध, केळे, कुळीथ हे अस्तर सावरतील, पण त्या जंतूला घराबाहेर काढण्याचे काम त्यांच्यावर सोपवता येणार नाही. महिनोन् महिने चूर्णावर काढणाऱ्या माणसाची जळजळ कमी होते, जंतू तिथेच राहतो आणि एक दिवस काळी शौच किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा कुणी विचारत नाही की ‘अपाय तर नाही ना’.

मग अस्तर रक्षणाऱ्या या वनस्पतिद्रव्यांना काही जागाच नाही का? आहे, आणि ती मोठी आहे असे माझे मत आहे. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे गोळ्या खाणाऱ्या आज्या-आजोबांची संख्या आपल्या देशात थोडीथोडकी नाही. त्यांचे व्रण बऱ्याचदा जंतूने होत नाहीत, सारवण थांबल्याने होतात. तिथे सारवण चालू ठेवणारे स्वस्त द्रव्य सापडले तर हवेच आहे. ते आपल्याच धान्यात, भाजीत सापडले तर आनंदच आहे. पण ते उंदरांनंतर माणसांवर, नकली गोळीशी तुलना करून, किती मात्रेला किती जणांना काय झाले हे लिहून ठेवून सिद्ध झाले पाहिजे. खाद्यपदार्थांतल्या द्रव्यांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने २००५ साली म्हटले की रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लिसिरायझिन बहुतेक प्रौढांना बाधू नये. मुळीत ते चार टक्के धरले तर पाच ग्रॅम चूर्णात २०० मिलिग्रॅम झाले. आजीचे चार भरलेले चमचे मी नंतर घरच्या काट्यावर मोजले. चौदा ग्रॅम भरले. त्रैराशिक तर कला शाखेलाही येते!

मी हे सारे मराठीच्या वर्गात बसणाऱ्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या विचारतात की आपण काय करायचे, आपण थोड्याच प्रयोगशाळा उघडणार? मी एवढेच म्हणते की घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर चूर्णाची पुडीही पिशवीत घाला आणि टेबलावर ठेवा, डॉक्टरांनी विचारले नाही तरी. रुग्णालयातले आमचे पहिले दोन दिवस ‘ते औषध नाही’ या तीन शब्दांत वाया गेले. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी ‘औषध’ या शब्दाचा अर्थ घरी नीट सांगायला हरकत नाही.

आजी आता बरी आहे. गुडघ्यांची गोळी डॉक्टरांनी बदलली आहे, जंतूची तपासणी झाली आहे, तो निघाला नाही. दुधाच्या पावडरचा तो डबा अजून फळीवर आहे आणि त्यात ज्येष्ठमधही आहे. मी तो टाकून द्यायला निघाले तेव्हा ती रागावली. खोकल्याला एखादा तुकडा चघळायला लागतो, म्हणाली, आणि चूर्ण तेवढे मला परत दिले. परवा सुटीत गेले होते तेव्हा मागच्या आळीतल्या एक बाई पोटाच्या जळजळीसाठी ज्येष्ठमध मागायला आल्या. आजी जागची हलली नाही. तिने आधी विचारले, “बीपीची गोळी चालू हाय का तुला?” बाई हो म्हणाल्या. “मग पाय दाव बघू,” आजी म्हणाली, आणि बसल्या जागेवरून वाकून तिने त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला.

— तृतीय वर्ष, कला (मराठी)